एका पानासाठी चौदा महिने

कादंबरी लिहायला मला अकरा महिने लागले. तिच्यासाठी एका जुन्या रजिस्टरचं एक पान बघायला चौदा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा आवाज चढलेला वाटला तर कारण शोधत बसायला नको.

मी सांगलीची, विश्रामबागला राहते, बँकेतून निवृत्त झालेय. माझी आजी, म्हणजे आईची आई, मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकलेली नर्स. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केला तोच दवाखाना. शिकून झाल्यावर ती नोकरीला ब्रह्मदेशात गेली आणि जपानी आले तेव्हा चार लाखांहून जास्त हिंदी लोक जसे निघाले तशीच जीव मुठीत धरून निघाली. या सगळ्यावर ती आयुष्यभरात जेमतेम चार वाक्यं बोलली. 'नाताळच्या दिवशी रंगूनवर बॉम्ब पडले.' 'मंडाले जळालं तेव्हा उत्तम शुक्रवार होता.' 'तामूपासून चालत आलो, चपला मणिपुरात संपल्या.' (तामू म्हणजे सीमेवरचं ब्रह्मी गाव.) आणि चौथं, 'आमच्या लग्नाला वऱ्हाड बैलगाडीनं आलं, रेल्वे बंद होती.'

एवढ्या भांडवलावर मी कादंबरी लिहायला घेतली. नायिका मिरजेची नर्स, नायक मंडालेच्या दवाखान्यातला कंपाउंडर, मधे जपानी फौज. तिच्या पिशवीत पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल. ते रमाबाई गेल्यावर, १९२४ साली, त्यांच्याच मुक्ती मिशननं छापलं, म्हणजे १९४२ मध्ये मिरजेच्या मुलीकडं ते असणं अगदी शक्य आहे. वाटेत डोंगर आले की ती त्यातलं १२१वं स्तोत्र म्हणते, डोंगरांकडं डोळे लावणारं. प्रेमकथाच आहे. प्रार्थना आहेत, पण प्रवचन नाही.

आजीची पहिली दोन वाक्यं तारखांशी ताडून पाहिली. रंगूनवर पहिला हल्ला २३ डिसेंबर १९४१ ला झाला, पुन्हा २५ ला. शहर पडलं ८ मार्चला. मंडालेवर बॉम्ब पडले ३ एप्रिल १९४२ ला, आणि त्या वर्षी ईस्टरचा रविवार होता ५ एप्रिलला, म्हणजे त्याआधीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) बरोबर ३ तारखेला. म्हातारीचं चोख होतं. तिसऱ्या वाक्याला तारीख लागत नाही. मे महिन्यात पाऊस सुरू झाल्यावर त्या वाटेचं काय झालं हे वाचलं की चपलांचा हिशोब आपोआप लागतो.

अडलं ते चौथ्या वाक्यावर. रेल्वे बंद कधी होती? लग्न जूनमध्ये झालं असेल तर बैलगाडीचं कारण साधं, नदीला पाणी, रुळावर माती, काहीही. पण १९४२ च्या सप्टेंबरात, 'चले जाव'च्या धामधुमीत झालं असेल तर गोष्टच वेगळी. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ ला वडूजला गोळीबार झाला, जिल्हाभर तारा तुटत होत्या, रूळ उखडत होते. म्हणजे पोरगी जपान्यांच्या तावडीतून सुटून घरी येते आणि घर पेटलेलं बघते. शेवटची साठ पानं या एका महिन्यावर अवलंबून होती. घरात विचारायला कोणी उरलं नव्हतं. लग्नाचा वाढदिवस आजीआजोबांनी कधी केला नाही. 'पावसाळा सरता सरता' एवढंच आईला आठवत होतं, आणि आईच्या मते पावसाळा कधीही सरतो.

(जाता जाता एक गोष्ट. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. तिकडचं १९४२ चं काही शोधत असाल तर सांगलीत चकरा मारून पाय दुखवून घेऊ नका. माझे दुखलेत.)

आजोबा सातारा जिल्ह्यातले, मिशन शाळेत मास्तर. लग्न त्यांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या गावच्या चर्चमध्ये झालं. मंडळीचं नाव लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

पहिल्या खेपेला मी सोमवारी गेले. पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, सुट्टी सोमवारी असते हे ख्रिस्ती घरात साठ वर्षं काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही. चर्चला कुलूप. कराडला एसटी बदलून परत.

दुसऱ्या खेपेला शहाणपणा करून रविवारी गेले. उपासना झाली, चहा झाला, सगळे इतके गोड बोलले की काम झालंच असं मला वाटलं. 'रजिस्टर? आहे की! जुनी सगळी आहेत. पण ताई, आज रविवार.'

तिसऱ्या खेपेला बुधवारी गेले. तेव्हा कमिटीचे सेक्रेटरी भेटले. माणूस वाईट नाही. टेबलावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं, बाजूला गोदरेजचं कपाट. ते कपाट मी पुढं इतक्या वेळा पाहिलं की त्याच्या दारावरचा पोचा आत्ताही काढून दाखवेन.

'काय काम होतं?'

'१९४२ चं लग्नाचं रजिस्टर बघायचंय. कादंबरी लिहितेय.'

'कसली कादंबरी?'

'प्रेमकथा आहे.'

'म्हणजे… आपल्या मंडळीतल्या मुलीची?'

'माझ्या आजीचीच म्हणा ना.'

'लग्नाआधीचं प्रेम?'

'लग्नानंतरच्या प्रेमाची अडीचशे पानं कोण वाचणार, साहेब?'

मी विनोद केला. ऑफिसात विनोद करू नये. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, 'यात मंडळीची बदनामी होऊ शकते. अर्ज द्या. कमिटीपुढं ठेवू.'

अर्ज दिला. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात होती, ती झाली नाही, कारण कमिटी कुठली खरी यावर दोन गटांची कोर्टात केस चालू होती. फोन केला की सेक्रेटरी सांगायचे, 'विषय पटलावर आहे.' चौथ्या खेपेला कळलं की कपाटाची किल्ली खजिनदारांकडं, आणि खजिनदार पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला. पाचव्या खेपेला खजिनदार आले होते, किल्ली आली होती, पण पाळकांची बदली झाली होती, आणि नवीन पाळकांना चार्ज दिला नसल्यानं कपाट उघडायचं कोणी हा प्रश्न होता. कपाट माझ्यापासून चार फुटांवर. किल्ली टेबलावर. आम्ही तिघं किल्लीकडं बघत चहा प्यालो.

त्या खेपेला मी सांगलीची भडंग नेली होती. भडंग संपली. काम झालं नाही. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं गेले तर शिपाई पिशवीत डोकावून बघत होता.

मधे प्रकाशकांचाही अनुभव घेऊन झाला. एकांनी पहिल्याच फोनवर विचारलं, 'ख्रिस्ती कादंबरी म्हणजे धर्मप्रचार वगैरे नाही ना?' मी म्हटलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जी सांगतात ती 'यमुनापर्यटन', १८५७ ची, बाबा पदमनजींची आहे, ते कोण होते? ख्रिस्तीच ना? पलीकडं शांतता. माझ्या पुस्तकाचं दुखणंच हे. बाहेरच्यांना ते फार ख्रिस्ती वाटतं आणि मंडळीला फार प्रेमाचं.

सुटका झाली ती कोल्हापूरच्या मावसभावामुळं. तो वकील आहे. हस्तलिखित वाचायला मागून नेलं आणि आठवड्यानं फोन केला, 'तुझं लग्न बेकायदा आहे.' मी दचकलेच. तो नायिकेच्या लग्नाबद्दल बोलत होता. मी ते रात्री अकरा वाजता, कंदिलाच्या उजेडात, दारंखिडक्या लावून लावलं होतं. फार सुंदर उतरलं होतं. तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम १० प्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लावायचं. काही सवलती आहेत, पण माझ्या नायिकेला त्या लागू होत नव्हत्या. कंदील गेला. अजून वाईट वाटतं.

पण त्याच फोनवर तो म्हणाला, 'रजिस्टरसाठी कशाला कमिटीच्या पाया पडतेस? कलम ७९ वाच.' वाचलं. लग्नाचं रजिस्टर ज्याच्या ताब्यात आहे त्यानं योग्य ती फी घेऊन, वाजवी वेळी, त्यात शोध घेऊ द्यायचा आणि नोंदीची सहीची नक्कल द्यायची. दीडशे वर्षं हे लिहून ठेवलेलं आहे, आणि मी दहा महिने भडंग वाहत होते.

मग नवा अर्ज लिहिला. त्यात कादंबरी हा शब्द नाही. प्रेम नाही. 'माझे आजी-आजोबा यांच्या विवाहनोंदीचा शोध व नक्कल मिळणेबाबत, कलम ७९ अन्वये.' फी भरायला तयार आहे हे वाक्य ठळक. स्पीड पोस्टानं पाळकांच्या नावे, पोहोच जपून. तुम्ही कोणी याच वाटेनं जाणार असाल तर पहिल्या दिवशीच असा अर्ज करा. आणि कशासाठी हवंय असं विचारलं तर 'घरासाठी' म्हणा. खोटंही नाही. नात्याचा पुरावा कलमात मागितलेला नाही असं भाऊ म्हणतो, तरी जवळ ठेवा. आईच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आजीआजोबा दोघांची नावं होती, ती कामाला आली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजीचं नाव नव्हतंच.

तरी आणखी चार महिने गेले. पण आता फोन तिकडून यायचे. नवीन पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी एका गुरुवारी स्वतःच कपाट उघडलं. सेक्रेटरी दारात उभे.

रजिस्टर कपाटात नव्हतंच.

ते वेदीमागच्या खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेत, नाताळच्या नाटकातल्या मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला येणाऱ्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या, मुकुटांखाली सापडलं. वाळवीनं एक कोपरा खाल्ला होता, काही पानं ओल लागून चिकटली होती. पाळकसाहेबांनी पट्टीनं एकेक सोडवली. मी हात लावला नाही, हात थरथरत होता. (पेन नेऊ नका, शिसपेन्सिल न्या. आणि मोबाइलवर फोटो काढायच्या आधी विचारा. एवढ्यावरून परत सगळं बिनसू शकतं.)

गुरुवार, २४ सप्टेंबर १९४२. वडूजच्या गोळीबारानंतर पंधरा दिवसांनी.

बॅन्सनं की लायसन्सनं, या रकान्यात बॅन्स. म्हणजे तीन रविवार उपासनेत त्यांची नावं पुकारली असणार, ६, १३ आणि २० सप्टेंबर. तासगावचा मोर्चा गुरुवारी, आणि पुढच्याच रविवारी पाळक उभे राहून विचारताहेत, या लग्नाला कोणाची हरकत आहे का? कादंबरीतलं माझं सगळ्यांत आवडतं प्रकरण त्या एका रकान्यातून आलं.

आणि आणखी एक. धंदा किंवा हुद्दा असा रकाना असतो. त्या पानावर वरांच्या पुढं शिक्षक, शेती, सुतार असं लिहिलेलं. वधूंच्या पुढं आडवी रेघ. मागचं पान बघितलं, रेघ. पुढचं, रेघ. आजीच्या नावापुढं 'नर्स'. बाकीच्या नोंदीपेक्षा जरा गडद शाई, जणू रेघ मारून झाल्यावर कोणीतरी ती खोडायला लावली. खाली खरंच रेघ आहे का ते मी भिंगातून बघितलं. आहे.

पाळकसाहेबांनी नक्कल लिहून सही करून दिली. फी शंभर रुपये, रीतसर पावतीसह.

बाकीचं सगळं पटकन झालं म्हणून पटकन सांगते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, ऑनलाइन, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. कोणी त्याचे दोन हजार मागितले तर फोन ठेवा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. मी केली, फी ५०० रुपये, आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. चौदा महिन्यांनंतर तीस दिवस म्हणजे मला सुट्टी वाटली. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना जोडाक्षरं फुटतात. माझ्या पहिल्या प्रुफात 'ख्रिस्त' एकाही पानावर धड नव्हता. शेवटी पुस्तक स्वतःच छापलं, ३०० प्रती.

गेल्या महिन्यात सेक्रेटरींचा फोन आला. पुस्तक वाचलं म्हणाले. बॅन्सचं प्रकरण त्यांच्या मिसेसनी दोनदा वाचलं.

'पण ताई, एक विचारू? आमच्या मंडळीचं नाव का नाही टाकलं कुठं?'

'नाव टाकायला कमिटीचा ठराव लागेल ना, साहेब?'

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'दुसऱ्या आवृत्तीसाठी अर्ज करून ठेवा.'