एका वेळी एकाने बोलावे

दुपारी आतल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी व्हिडिओ लावला आणि राउटरला जवळजवळ खेटून बसलेल्या मला एक साधी ईमेल उघडण्यासाठी ताटकळावे लागले. "सिग्नल तर पूर्ण दाखवतोय" हे अशा वेळचे सर्वांचे ठरलेले वाक्य मीही म्हणून घेतले.

वाय-फायवर आपण वेग वाटून घेतो असे वाटते. प्रत्यक्षात वाटला जातो तो वेळ. एका चॅनेलवर, म्हणजे एका रेडिओ पट्ट्यावर, एका क्षणी एकानेच बोलायचे, बोलण्याआधी हवा मोकळी आहे का याचा कानोसा घ्यायचा आणि कुणी बोलत असल्यास ते संपल्यावरही क्षणाचा काही अंश, प्रत्येकाने आपापल्या नशिबाने वेगळा, थांबायचे, असा १९९७ च्या ८०२.११ या वाय-फायच्या मानकाचा मूळ शिरस्ता आहे. नव्या राउटरांत एकदम अनेकांशी बोलण्याची सोय आली असली, तरी जुन्या यंत्रांना ती भाषा समजत नाही. त्यातून दोन भिंतींपलीकडचा अशक्त लॅपटॉप पाळी इतरांएवढीच घेतो, पण तेवढाच मजकूर सांगायला त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो आणि बाकीचे खोळंबतात.

लहानपणी आमच्या टेलिफोनला आतल्या खोलीत एक एक्स्टेन्शन होते. रिसीव्हर हळूच उचलायचा, कुणी बोलत असेल तर अलगद ठेवून द्यायचा, ही रीत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. ठेवण्यापूर्वी अर्धे वाक्य कानावर पडेल इतका उशीर मात्र सगळेच करीत. आजोबा फोनवर प्रत्येक वाक्य दोनदा, सावकाश बोलत, आणि त्यांना आवरते घ्या म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्या मानाने लॅपटॉपवर वैतागणे सोपे.

बाहेरच्या जगाला या कुरबुरीचा पत्ता नसतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर संगणक ओळखण्याचे आकडे, घरातल्या घरातच चालतात. बहुतेक घरांतले सगळे संगणक बाहेर एकाच आयपी पत्त्याने वावरतात आणि कुणाचे उत्तर कुणाला द्यायचे याचा हिशेब राउटर ठेवतो. काही राउटरांत तर कोणत्या संगणकावरून कोणते संकेतस्थळ उघडले गेले याचीही नोंद राहते. रात्री उशिरा घरातले कुणी एखाद्या आजाराची माहिती शोधत बसले असेल, तर तेही तिथे दिसू शकते. त्या नोंदीचा पासवर्ड आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी ती पाहत नाही.