शिलकीतली ताकद

मे महिना, रविवार. रात्रीचे साडेदहा.

गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं तरी फरशी अजून पोळतेय. पुण्याच्या ट्यूनरचं कोटेशन दुपारी आलं: स्टेज वन रिमॅप, म्हणजे नुसतं इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून गाडीची ताकद वाढवणं, पासष्ट हजार. होय-नाही उद्या कळवायचंय. दोन वर्षं हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहूनच काढतो.

गाडी २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस, तीन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी आठवते. माझी स्पोर्ट्स कार हीच. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस (म्हणजे साधारण तेवढेच घोडे), ३५० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर), सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. डिप्लोमाला होतो तेव्हा शनिवारी एसटीनं जालन्याकडे गावी जायचो. वाटेत शेंद्रा लागायचं. तिथल्या कारखान्यात ऑक्टाव्हिया जोडल्या जायच्या आणि ट्रेलरवर चढवलेल्या नव्याकोऱ्या गाड्या खिडकीतून दिसायच्या. मान वळेल तिथवर बघत राहायचो. त्यामुळे या गाडीला हात लावायचा म्हणजे मला शंभरदा विचार करावा लागतो.

आधी रिमॅपच्या बाजूचं लिहितो, कारण मोह खरा आहे. मागच्या हिवाळ्यात मित्राच्या रिमॅप केलेल्या, अगदी अशाच गाडीत बसलो होतो. सावंगीहून समृद्धीला लागलो, जालन्याला उतरलो. रॅम्पवरून मुख्य रस्त्याला येताना साठ ते एकशेवीस इतक्या सहज झालं की मला हसूच आलं. एकशेवीसला त्यानं पाय उचलला, तिथली मर्यादाच तेवढी. आवाज फारसा वाढला नव्हता, धक्का नव्हता, नुसता मागून कुणीतरी भक्कम हात लावल्यासारखा जोर. ट्यूनर म्हणतो २९५ पीएस आणि ४३० न्यूटन मीटर मिळतील. इंजिन पूर्ण वेगात फिरतानाचा शेवटचा आकडा नाही, मधल्या पट्ट्यातला जोर महत्त्वाचा. गळीत हंगामात दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओलांडताना समोरच्या पट्टीत जितके कमी सेकंद राहू तितकं चांगलं. इंजिनचं डोकं, म्हणजे ईसीयू, नीट लिहिलेलं असेल तर हे फुकटच्या जवळ जाणारं सुख आहे. एकही नट खोलावा लागत नाही.

तरी माझं मन अडतं ते याच शब्दावर, फुकट.

वाळूजला माझं छोटं मशीन शॉप आहे, बुश आणि पिना करतो. ड्रॉइंगवर जेवढा भार लिहिलाय त्याच्या बरंच वर टिकेल असा पार्ट आम्ही देतो. ती जास्तीची ताकद रिकामी पडलेली नसते. मटेरियलची एखादी हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, जरा कमी निघाली, वंगण उशिरा बदललं, कुणी खड्ड्यात गाडी आपटली, त्या दिवसासाठी ती असते. इंजिन करणाऱ्यांनीही तेच केलंय. एकच इंजिन थंडीतल्या युरोपात चालायचं आणि मेमधल्या बीडमध्येही. रिमॅप करणारा ताकद कुठून नवीन आणत नाही. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब, वाढवतो, इग्निशन पुढे सरकवतो, म्हणजे ठिणगी जरा लवकर पाडतो, आणि ही शिल्लक आजच खर्चाला काढतो.

आमच्याकडे ती शिल्लक उन्हाळ्यात आपोआप खर्ची पडतेच. आज दुपारी बेचाळीस होतं. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा या हवेची घनता जवळपास साडेपाच टक्के कमी. त्यात आपलं संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे हवेचा दाब आणखी सहा टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो हे भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त वेगानं फिरावं लागतं, आणि हवा जास्त दाबली की ती जास्त तापते. मग ती गार करणारा इंटरकूलर. तोही पुढून येणाऱ्या हवेनंच गार होणार, आणि ती हवाच भट्टीतली. सिडको चौकात सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की तो तापून बसतो. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटायला बघतं, त्याला नॉकिंग म्हणतात. सेन्सरला ते कळलं की ईसीयू इग्निशन मागे घेतो, आणि जोर कमी होतो. म्हणजे पासष्ट हजारांचे घोडे एप्रिल-मेमध्ये बऱ्यापैकी तबेल्यातच राहणार. डिसेंबरच्या पहाटे ते दिसतील, हे मान्य.

पेट्रोलचंही तसंच. अशा मॅपला जास्त ऑक्टेनचं, म्हणजे वेळेआधी सहज न पेटणारं, पेट्रोल हवं. शहरात मिळतं. अंबड सोडून आत गेलं की साधंच, आणि माझं निम्मं फिरणं तिकडंच. शिवाय आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलचं ऑक्टेन उंच असतं हे खरं, पण त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, आणि २०१८ ची गाडी या मिश्रणासाठी बनलेलीच नाही. (आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय याचा मला आनंद व्हायला हवा. पण टँकरची वाट बघणाऱ्या गावांशेजारी ऊस उभा दिसला की तो होत नाही.)

स्टेज टू, म्हणजे टर्बोमागची धुराची नळी (डाउनपाइप) बदलून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, हे माझ्यापुरतं कधीच बाद झालंय. सायलेन्सरच्या तोंडचा तो धूर माझ्याच गल्लीतली लेकरं घेणार. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमाबाहेर पार्ट बसवून केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर क्लेम अडू शकतो. हवेचं उघडं फिल्टर तर नकोच. काळ्या मातीची धूळ आमच्याकडे खिडकीच्या फटीतून फडताळातल्या ताटांवर येऊन बसते, ती टर्बोच्या पात्यांवर कशाला पाठवायची?

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. गेल्या दिवाळीत चाळीसगावहून आत्याला आणायला निघालो होतो. कन्नडचा घाट उतरताना पुढे गाड्यांची रांग, मी सारखा ब्रेकवर. घाट संपत आला तेव्हा पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. शेजारी अण्णा होते. त्यांना मी काही बोललो नाही, गिअर खाली घेत घेत कशीतरी गाडी सपाटीला आणली. पाय नंतर बराच वेळ थरथरत होता. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं होतं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रतीचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही, ओल धरली की हीच हमी १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही. चूक सर्वस्वी माझी. वेगाचे आकडे तोंडपाठ होते, ऑइल बदलल्याची तारीख नव्हती.

त्यानंतर मी उलटा हिशोब करायला लागलो. १०० वरून थांबताना ब्रेकला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, १४० वरून जवळपास तिच्या दुप्पट. इंजिनाला ६५ पीएस जोडायला लॅपटॉप पुरतो. तेवढं थांबवायला डिस्क, पॅड, ऑइल, टायर, सगळं लागतं. आणि पुढच्याच चाकांवर ४३० न्यूटन मीटर आल्यावर अर्ध्या झिजलेल्या टायरांनी पहिल्या पावसात काय करायचं?

संध्याकाळी अण्णांना कोटेशन दाखवलं.

“कामून? आत्ता पळत नाही का?”

“पळती, अण्णा. अजून पळंल.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बहात्तरला घरात खायला दाणा नव्हता, तरी तुझ्या आज्यानं बियाची जवारी फोडू दिली नाही. माय रडली, तरी नाही.”

एवढंच. पुढं त्यांनी काही जोडलं नाही, गाडीचा विषयही काढला नाही. पाणी पिऊन आत गेले.

आत्ता ट्यूनरला मेसेज टाकला: रिमॅप नको, तुमच्या वेळेबद्दल आभार. माणूस चांगला आहे, इंजिनच्या नोंदी नीट वाचतो, म्हणून वाईट वाटलं. मित्र उद्या चिडवणार, आणि त्याची गाडी बघून माझ्या पोटात पुन्हा कालवणार, हेही ठाऊक आहे. पासष्ट हजारांत चार चांगले टायर, पुढचे-मागचे चांगल्या प्रतीचे पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट होतंय. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा नकोत, गावाच्या वेशीतला गतिरोधक आत्ताच खालून घासतो. बुधवारची वेळ घेतलीय.

सकाळी अण्णांना गावी सोडायचंय, नांगरट बघायचीय त्यांना. पहाटे पाचला निघू. त्या वेळी हवा गार असते, इंजिन छान ओढतं.