बिबड्या आणि माझी घासाघीस
आज चोपड्याहून परत येताना बिबड्या (आपले ज्वारीचे पापड) घ्यायला थांबलो, दरवर्षीच्याच मावशी. सवयीने म्हटलं मावशी थोडं कमी करा ना, तर काहीच बोलल्या नाहीत, नुसता कोपऱ्यातला काळ्या पडलेल्या बिबड्यांचा ढीग दाखवला. परवाच्या अवकाळीत सगळ्या भिजल्या. आता बघा भो, ज्वारी ३ दिवस भिजवायची, दळायची, चुलीवर लसूण तीळ मिरची टाकून घाटा शिजवायचा, मग आपल्या खान्देशातल्या त्या उन्हात कापडावर एकेक थापत बसायचं आणि एवढं झालं की नेमके ढग येतात. त्यात व्यापारी माल उधार नेतो, पैसे दिवाळीला (दिले तर). आणि आपण मॉलमध्ये अर्धी हवा भरलेलं चिप्सचं पाकीट छापील किमतीत गपचूप घेतो, मी पण घेतो. लाजच वाटली राव.

सांगितला तो भाव दिला, वर पुढच्या ५ किलोचा ॲडव्हान्स पण, म्हटलं ऊन पडेल तेव्हा निवांत करा. तर मावशीने उलट गरम घाट्याची वाटीच हातात दिली, वरून कच्चं तेल. गाडीत बसून खाल्ला, शर्टावर सांडला.

जळगावात कोणाला हव्या असतील तर सांगा, पुढच्या रविवारी परत जातोय. भाव मावशीचाच, माझं कमिशन नाही 😄