कार्यानुभवाचा तास

शाळेने काय दिले, असे कुणी विचारले की मला आधी आठवतो तो कार्यानुभवाचा तास. गणित आणि भाषा त्यानंतर.

त्या तासाला बाई आम्हाला बटण लावायला शिकवायच्या. दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंतणारच. बटण कापडाला घट्ट चिकटले तर काजात नीट बसत नाही, कापड चुरगळते. म्हणून बटणावर आडवी काडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढायची, बटण वर ओढायचे आणि खाली मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याला चार वेढे देऊन गाठ मारायची. हे चालू असताना वर्गात बोलायचे नाही, एवढा एकच नियम होता. टाका वाकडा गेला तर बाई रागावत नसत. उसवायचा, पुन्हा घालायचा.

डाग काढण्याचा पाठ मला सर्वांत मोलाचा वाटतो. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच धुवायचा, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून धाग्यात घट्ट बसतात. हे बाईंनी मुलगे आणि मुली एकत्र बसवून सांगितले, पाळीचे नाव घेऊन, अगदी सरळ आवाजात. त्या वयात आम्हा मुलग्यांना याहून मोठा संस्कार दुसरा कोणता मिळाला असेल, मला सुचत नाही.

पुढे नोकरीच्या धावपळीत माझी झोप उडाली. समुपदेशकांनी औषधोपचाराच्या जोडीला सजगतेचा सराव सुचवला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्याच धर्तीवरचा. श्वासाकडे लक्ष द्या, मन भरकटले की स्वतःवर न चिडता परत आणा. ऐकताना वाटले, हे आपल्याला येते! उसवायचे, पुन्हा घालायचे. तेव्हापासून रात्री मी स्वतःचे कपडे स्वतः घडी करतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. बाहीवर बाही, शिवणीवर शिवण. झोप लगेच परतली नाही, पण बिछान्यावर पडताना डोक्यातली गर्दी कमी होऊ लागली.

एक मात्र आवर्जून सांगतो. घरकामात मन रमवा, हा सल्ला फक्त बायकांना देऊ नये. जिला कामातून श्वास घ्यायला उसंत नाही, तिला सजगतेआधी कामाची वाटणी हवी. आमच्या वर्गात ती वाटणी आपोआप व्हायची. झाडू, सुई, इस्त्री सगळ्यांच्या हातात आळीपाळीने यायची.

शाळेला माझी कळकळीची विनंती आहे: परीक्षा जवळ आली म्हणून हा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. शाळेच्या महोत्सवानिमित्त मी देत असलेली देणगी याच तासाच्या सुया, कात्र्या आणि कापडासाठी वापरावी. शिकवायला माणूस कमी पडला तर मला बोलवा, मी येईन.