‘शूऽऽ… ऐकलंस का?’ आणि लगेच जाहिरात

बिगफूट, म्हणजे अमेरिकेच्या जंगलात राहतो असं म्हणतात तो केसाळ, माणसासारखा चालणारा राक्षस, शोधणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाचा एक भाग साधारण ४२ ते ४४ मिनिटांचा असतो. तासातून जाहिराती वजा केल्या की तेवढंच उरतं. त्याचे पाच-सहा तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा संपायच्या आत जंगलात काहीतरी ‘खट्’ वाजवायचं, नाहीतर प्रेक्षक रिमोट उचलतो. ब्रेकनंतर तोच ‘खट्’ पुन्हा ऐकवतात, दोघं-तिघं डोळे विस्फारून धावतात आणि दीड मिनिटात विषय गुपचूप बदलतो. ॲनिमल प्लॅनेटवरचं ‘फाइंडिंग बिगफूट’ २०११ ते २०१८ असं चाललं. भाग शंभराच्या घरात गेले, बिगफूट काही सापडला नाही. सापडणं त्या मालिकेच्या बजेटमध्ये कधी नव्हतंच.

करमणूक म्हणून हे ठीक आहे. आपल्याकडे चकवा लागतो, त्यांच्याकडे बिगफूट दिसतो. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या माहितीवरून पडताळणी झाली असती, तीच नेमकी कापली जाते: अंतर, वेळ, मोजमाप, आणि कॅमेऱ्यामागे कोण कोण उभं होतं ते.

‘खट्’चंच घ्या. झाडावर लाकूड आपटायचं आणि बिगफूटच्या उत्तराची वाट बघायची, अशी पद्धत. पण रात्री तिथे नुसते चार शोधक नसतात. कॅमेरामन, साउंडवाला, ड्रायव्हर असतात, आणि टेकडीपलीकडे दुसरी तुकडी असते, तीही ठोकत असते. उत्तर कोणी दिलं हे ठरवायचं तर दोन्ही रेकॉर्डरची घड्याळं जुळवलेली हवीत आणि दोन्ही जागा नकाशावर हव्यात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ठोक्यानंतर सहा सेकंदांनी आलेलं ‘उत्तर’ एक किलोमीटरवरच्या कड्यावरून परतलेला स्वतःचाच ठोका असू शकतो. हे गणित कार्यक्रमात कोणी करून दाखवत नाही.

कात्री कुठे लागली ते ओळखायला हेडफोन लावा आणि बोलण्याकडे दुर्लक्ष करून रातकिडे ऐका. ‘ऐकलंस का?’च्या जरा आधी किरकिर मध्येच तुटली किंवा तिची लय बदलली, तर दोन वेगळ्या वेळचे तुकडे जोडलेले आहेत. रातकिड्यांची लय गारव्याबरोबर मंदावते, त्यामुळे रात्री नऊची किरकिर पहाटे तीनला चिकटवली की कानाला खटकते. अर्थात वरून ढोल-संगीत ओतलं असेल तर हाही उपाय संपला. ते ओततात त्याचं एक कारण हेच.

थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्राला लोक सगळ्यात जास्त भुलतात. चांगल्यापैकी हातातला कॅमेरा धरू: ६४० बाय ५१२ चा सेन्सर, १२ मायक्रॉनचा पिक्सेल, २५ मिमीची लेन्स. १२ मायक्रॉनला २५ मिमीने भागा आणि ३०० मीटरने गुणा. एका पिक्सेलमध्ये १४ सेंमी बसतात. म्हणजे सहा फुटी माणूस तेरा पिक्सेल उंच आणि खांद्यात जेमतेम साडेतीन पिक्सेल रुंद. एवढ्यावरून ‘काहीतरी उबदार उभं आहे’ इतकंच कळतं, अंगावर केस आहेत की जॅकेट ते नाही. टीव्हीवर तो ठिपका पडदाभर मोठा करतात तेव्हा मधली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. शिवाय दगडही उबदार असतात. हाच कॅमेरा मे महिन्यात अंजनेरीच्या पायथ्याला लावला तर दिवसभर तापलेला काळा कातळ अंधार पडल्यावरही बराच वेळ पांढराफटक दिसेल. आणि कोणी ‘गाडीच्या बंद काचेतून टिपलेलं थर्मल’ दाखवलं तर तिथेच थांबा. साधी काच ती उष्णता आरपार जाऊ देत नाही, कॅमेऱ्यात तुमचंच धूसर प्रतिबिंब येतं.

चमकणारे डोळे तर फारच लोकप्रिय. बिबट्या, हरीण, मांजर, कुत्रा यांच्या डोळ्यात रेटिनामागे प्रकाश परतवणारा थर असतो, टॅपेटम. माणसात तो नाही. माकडांत नाही, गोरिला-चिंपांझींतही नाही. बिगफूट वानरकुळातला म्हणायचा आणि बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे हिरवे चमकवायचे, हे एकत्र बसत नाही. फ्लॅशच्या फोटोत माणसाचे डोळे लाल येतात ते डोळ्यामागच्या रक्तामुळे, आणि तेही अगदी समोरून.

एका गोष्टीचं मात्र श्रेय द्यायला हवं. साक्षीदाराचा व्हिडिओ जिथे काढला तिथेच कॅमेरा ठेवून, टोळीतल्या उंच माणसाला त्याच वाटेने चालवायचं आणि दोन्ही चित्रं शेजारी लावायची, हे ‘फाइंडिंग बिगफूट’मध्ये नेहमी करत. हे काम खरं आहे. आठ फुटी राक्षस बऱ्याचदा तिथेच सहा फुटी होतो. बिगफूटच्या सगळ्यात गाजलेल्या फिल्मवर, २० ऑक्टोबर १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी आणलेल्या त्या १६ मिमीच्या रिळावर, सगळा वाद अडतो तोही मोजमापावरच. प्राण्याच्या फ्रेम सुमारे ९५४. कॅमेरा सेकंदाला १६ फ्रेमने चालला असेल तर ते चालणं एक मिनिटाचं, २४ ने असेल तर ४० सेकंदांचं. २४ धरली तर चाल साध्या माणसाची वाटते, १६ धरली तर जड आणि परकी. कॅमेऱ्यावरची ती चकती कुठल्या आकड्यावर होती, याची नोंद कोणी ठेवली नाही.

आता नाशिक. आपल्याकडे प्राणी खरा आहे, संशय व्हिडिओवर असतो. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या आहे, मादी पिल्लंही उसातच घालते. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा बघ्यांची गर्दी झाली आणि बातमीदारही जखमी झाले. म्हणून ‘आत्ता आपल्या कॉलनीत’ असं लिहून आलेली क्लिप पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटं द्यावीत.

आधी गाड्यांच्या पाट्या बघा. एमएच १५ म्हणजे नाशिक, ४१ म्हणजे मालेगाव. सगळ्या पाट्या १४ च्या असतील तर क्लिप बहुधा जुन्नर-आंबेगावकडची आहे. मग पीक बघा, लोकांची बोली ऐका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. त्यातली एक स्वच्छ फ्रेम गूगल लेन्सला दिली तर जुनी क्लिप बऱ्याचदा तिथेच उघडी पडते.

मग उंची. कंपाउंडची भिंत सिमेंट ब्लॉकची असेल तर प्रत्येक ब्लॉक साधारण २० सेंमी. मांजर खांद्याला २५ सेंमीच्या आसपास, म्हणजे सव्वा ब्लॉक. मोठा बिबट्या ६० ते ७० सेंमी, म्हणजे तीन ब्लॉक किंवा थोडा वर. पण प्राणी भिंतीला लागून चाललेला असेल तरच हे धरायचं. कॅमेरा भिंतीपासून दहा मीटरवर आणि मांजर मधोमध पाचवर असेल, तर भिंतीच्या मापाने ते दुप्पट दिसतं, अडीच ब्लॉकचं. ‘बिबट्याचं पिल्लू’ म्हणून पिंजऱ्याची मागणी होते ती अशा मांजरांमुळेच. पाय जमिनीला कुठे टेकतात ते आधी बघावं, भिंत नंतर.

मे २०२५ मध्ये गूगलचं व्हेओ ३, म्हणजे नुसत्या वर्णनावरून व्हिडिओ बनवणारं एआय, आलं आणि बिगफूट स्वतःच सेल्फी काढत बोलतोय अशा क्लिपांचा पूर आला. त्यात फसवणूक अशी काही नव्हती, सगळ्यांना गंमत कळत होती. तेच यंत्र बिबट्याला हॉटेलाबाहेर उभं करतं तेव्हा गंमत राहत नाही. सुरुवातीला ते एका वेळी आठच सेकंद द्यायचं, त्यामुळे आठ सेकंदांची अखंड क्लिप दिसली की मी आधी ठिपके बघते. खऱ्या बिबट्याच्या अंगावरची नक्षी बोटांच्या ठशांसारखी कायम असते, जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्यात बिबटे ओळखतात ते त्यावरूनच. खांद्यावरचे चार-पाच ठिपके निवडा आणि वीस फ्रेमनंतर पुन्हा बघा. बनावट चित्रात ते विरघळतात, सरकतात, कधी दोनाचा एक होतो. व्हॉट्सॲपवर दहादा फिरलेल्या क्लिपवर मात्र हा उपाय चालत नाही, कारण दाबून दाबून खऱ्याचेही ठिपके पुसलेले असतात.

यूट्यूबवाल्यांचं वेगळं. मध्येच जाहिरात टाकायची तर व्हिडिओ किमान आठ मिनिटांचा लागतो. चाळीस सेकंदांचा बिबट्या आठ मिनिटं कसा पुरतो, ते आपण रोज बघतोच.

खरंच काही दिसलं असेल तर वनखात्याला १९२६ वर फोन करा आणि मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला की वेळ आणि ठिकाणाची नोंद गळून पडते. आणि शक्य असेल तर ठसा घ्या. ब्लफ क्रीकचं १९५८ चं प्रकरण ठशांवरूनच पेटलं होतं. २००२ मध्ये तिथले रस्ता-कंत्राटदार रे वॉलेस वारल्यावर घरच्यांनी त्यांचे लाकडी पाय बाहेर काढून दाखवले. लाकडी पाय ओळखू येतो, कारण प्रत्येक ठसा एकसारखा असतो. जिवंत पाऊल चिखलात बोटं फाकवतं, चढावर पुढून दाबतं.

बिबट्याचा ठसा सात ते नऊ सेंमी रुंद, नखं उमटत नाहीत, तळव्याची मागची कड तीन भागांत. नखं दिसली तर कुत्रा किंवा तरस. मापासाठी पातळ धुळीतला ठसा निवडा, चिखलात तो पसरून मोठा होतो. भोवती पाच सेंमी उंच पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी गोल रोवा. गणपतीच्या कारखान्यात मिळतो तो पीओपी चालतो. एक वाटी पाण्यात दोन वाट्या, पावडर पाण्यात सोडायची, उलटं नाही. घट्ट ताकाएवढं झालं की ठशाच्या बाहेर कडेला ओता आणि आपोआप आत वाहू द्या. वरून ओतलं की नेमकी तळव्याची कड मोडते. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी घेऊ नका, दमट पीओपी घट्ट होतच नाही. अर्ध्या तासाने उचला, माती दुसऱ्या दिवशी धुवा. आणि पाठ ओली असतानाच खिळ्याने गाव, गट नंबर, तारीख, वेळ आणि पाऊल कुठल्या दिशेला होतं ते कोरून ठेवा. वाळल्यावर खिळा लावला तर कोपरा तुटतो.