बेरीज जुळत होती, तिथंच गडबड होती

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला, दादा, कोड पाहून दे ना, दोनच फाइली आहेत. ती स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करते, विषय असा की डेंग्यू आणि चिकनगुन्या एकाच गावात एकाच वेळी फिरत असले तर काय होतं. मी काही साथीच्या रोगांवाला माणूस नाही, पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो, कोविडमध्ये घरून काम सुरू झालं म्हणून गावी आलो तो परत गेलोच नाही. पण कोड वाचायला दिला की मला नाही म्हणता येत नाही, आणि तसाही पाऊस धरलेला होता, पराटीत (कपाशीत) गुडघाभर चिखल, वावरात जायचा प्रश्नच नव्हता.

दोन फाइली म्हणजे किती, तर दीड हजार ओळी. असो.

कोड वाईट नव्हता हे आधी सांगतो. तिनं कॉम्प्युटरमध्ये एक गाव वसवलं होतं, १०,००० माणसं, घरं, पाण्याची भांडी, डास. रोज डास चावणार, चावल्यावर विषाणू डासात जाणार, तिथं तो काही दिवस पिकणार (डेंग्यूला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, चिकनगुन्या त्याच्यापेक्षा लवकर तयार होतो, हा फरक तिनं बरोबर ठेवला होता), मग तोच डास दुसऱ्याला चावणार. आणि मला सगळ्यात काय आवडलं तर कूलर. आपल्याकडं विदर्भात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, पण पाऊस पडला की कूलर फक्त बंद होतो, टाकीतलं पाणी दिवाळीपर्यंत तसंच, कोणी ओतत नाही. एडिस डासाला अजून काय पाहिजे! बरं पाणी ओतलं तरी अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली राहतात, कोरडी झाली तरी कित्येक महिने मरत नाहीत, पुढच्या मे महिन्यात आपणच पाणी भरून त्यांना उठवतो. घासल्याशिवाय जात नाहीत ती. कोरडा दिवस पाळा पाळा म्हणून आशाताई दर आठवड्याला ओरडून जातात पण नळ चार दिवसांनी येणार असेल तर रांजण रिकामा कोण करेल तुम्हीच सांगा. हे सगळं तिच्या कोडमध्ये होतं, कूलरच्या टाकीसाठी वेगळं फंक्शन, रांजणासाठी वेगळं. पुण्यात बसून लिहिलं पण माहेर विसरली नाही.

आता निकाल. तिचा ग्राफ म्हणत होता की गावात डेंग्यू आधी येऊन गेला तर मागून येणारी चिकनगुन्याची साथ निम्म्याच्याही खाली जाते. म्हणजे एक रोग दुसऱ्याला दाबतो. यावर तिनं प्रकरणाचा कच्चा मसुदापण लिहून ठेवला होता, गाईडसुद्धा खूश. खरं सांगतो, मीपण पहिल्या वाचनात प्रभावित झालो, आणि संध्याकाळी चहा पिता पिता बाबांना सांगितलं की बघा, डेंग्यू झाला की चिकनगुन्या होत नाही असं निघालंय.

बाबा ओसरीत खाटेवर बसले होते, गुडघ्याला तेल लावत. म्हणाले, "मंग मले कसा झाला?"

२००६ च्या मोठ्या साथीत आमच्या घरी आजीला चिकनगुन्या झाला होता, भिंत धरून धरून संडासाला जायची. त्या वर्षी बाबा सुटले. (त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांचा बर्ड फ्लू निघाला होता, आणि या रोगाच्या नावात चिकन, त्यामुळं गावात लोकांनी कोंबडी खाणंच सोडलं. नाव खरं आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे, अर्थ वाकून जाणं, कोंबडीचा काही संबंध नाही.) मग २०२१ ला बाबांना डेंग्यू झाला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुन्या. दोन्ही रिपोर्ट माझ्या मोबाइलमध्ये आहेत. एका माणसावरून मॉडेल खोटं ठरत नाही हे मलाही कळतं, पण डोक्यात किडा शिरला, चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला.

तासभरात सापडलं. प्रत्येक माणसाला एकच स्टेट होतं. एस म्हणजे अजून काही झालेलं नाही, डी म्हणजे डेंग्यू, सी म्हणजे चिकनगुन्या, आर म्हणजे बरा झाला. बरा झाला, पण कशातून? डेंग्यूतून उठलेला माणूस आर मध्ये गेला की त्याला चिकनगुन्याचा डास कितीही चावो, काही होत नव्हतं. रोगानं रोगाला दाबलंच नव्हतं, एका अक्षरानं दाबलं होतं. डासांचंही तेच, एक डास एकच विषाणू वाहणार. एडिस दोन्ही एकदम वाहू शकतो हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

तिची चूक मला समजते. एस, आय, आर (अजून न झालेला, आजारी, बरा झालेला) ही पद्धत केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांची, १९२७ ची, आणि त्यांनी ती ताडून पाहिली ती आपल्याच मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या आकड्यांवर. तिथं रोग एक होता. एक रोग, माणसामागं एक अक्षर, काम भागतं. दुसरा रोग आला की अक्षरं दोन लागतात, तीन गुणिले तीन, नऊ प्रकारची माणसं होतात. तिनं जुन्या कोडमध्ये दुसरा रोग शेजारी आणून बसवला, घर मात्र एकाच खोलीचं ठेवलं.

फोन करून सांगितलं तर ती चिडली. "दादा, मी रोज बेरीज तपासते, एस अधिक डी अधिक सी अधिक आर, बरोबर १०,००० येते." हो ना, येणारच! एका माणसाला एकच खाना दिला तर बेरीज चुकायला जागाच कुठं आहे. उलट बरोबर लिहिलं तर ज्याला एकदम दोन्ही झालेत तो डेंग्यूतही मोजला जाईल आणि चिकनगुन्यातही, मग आजारी माणसांपेक्षा आजार जास्त भरतील आणि तेच खरं असेल.

दुसरी फाइल खऱ्या आकड्यांची होती, रजिस्टरवरून टाइप केलेली. तिथं तर सरळ लिहिलेलं, इफ एनएसवन (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह तर डेंग्यू, एलिफ (म्हणजे नाहीतर) चिकनगुन्या पॉझिटिव्ह तर चिकनगुन्या. म्हणजे डेंग्यू निघाला की पुढचं बघायचंच नाही. एलिफ ऐवजी दुसरं इफ लावा म्हणून कमेंट टाकली, पण लावून पाहिलं तर फरक जवळजवळ काहीच नाही. एंट्र्याच तशा.

म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या आरोग्यसेवकांकडं गेलो, गावात त्यांना सगळे डॉक्टरसाहेबच म्हणतात. विचारलं, साहेब, दोन्ही झालेला पेशंट कुठं लिहिता? ते हसले. "एका मानसाले दोन खान्यात लिहू काय? बेरीज कशी जुळन मंग? वरून लगेच फोन येते, तापाचे पेशंट चाळीस अन् निदान बेचाळीस कसे म्हणून." पुढं त्यांनी जे सांगितलं ते कोणत्याही कोडमध्ये नव्हतं. एनएसवन तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निघते, चिकनगुन्याची आयजीएम (अँटिबॉडीची तपासणी) निघायला तेवढेच दिवस जावे लागतात. पेशंट दुसऱ्या दिवशी येतो, डेंग्यू निघतो, सलाईन लावून घरी जातो. आठव्या दिवशी सांधे धरले म्हणून परत रक्त द्यायला कोण येतंय, पराटीचं निंदण सोडून? तो मेडिकलमधून दुखायची गोळी घेतो. आणि डेंग्यूत तीच गोळी, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, रक्तस्रावाचा धोका वाढवते. पॅरासिटामॉलच घ्या म्हणून ते घसा कोरडा करतात.

हे सगळं बहिणीला लिहून पाठवलं, रिव्ह्यू कसला, चार पानी पत्रच झालं. मुख्य मागणी एकच. माणसाला दोन स्टेट दे, डासालापण. मग दोन रोगांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरून मॉडेल चालव, आणि चिकनगुन्या एकटा चालवलेला ग्राफ आणि डेंग्यूसोबत चालवलेला ग्राफ एकावर एक ठेव. संबंधच नाही तर दोन्ही सारखे यायला पाहिजेत. ते आलं तरच पुढं दाबतो-बिबतो बोलायचं. आणि एकाच सीडवर (कॉम्प्युटरचे योगायोगाचे आकडे ज्या नंबरापासून सुरू होतात तो) भरवसा नको, २०० वेळा चालवून सरासरी काढ (सीड अर्थातच ४२ होता, सगळ्या जगाचा तोच असतो). डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एक झाला म्हणून बाकी तीन होत नाहीत असं नाही, तेही खाली लिहिलं, पण म्हटलं ते नंतर.

आठ दिवस गप्प. मग गणपतीत, आरती नुकतीच संपलेली, फोन.

"दादा, दोन्ही चालवले. पण एक लाइनच गायब झाली ना."

मी म्हटलं, गायब नाही झाली, खालच्या लाइनवर बसली असेल, तिला तुटक कर. ती शांत झाली, मागून कीबोर्डचा आवाज. "हो रे, खालीच होती. दिसली." तेवढ्यात पंखा थांबला, कूलरशेजारचा बल्ब विझला.

मी म्हटलं, आमची पण गेली.