शेऱ्याचा रकाना

१९७१ साली मी सातवीत होतो. आपला तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. वाडीत वीज आली नव्हती, तरी पाकिस्तानशी युद्ध पेटल्यावर ब्लॅकआउट आम्ही पाळला. कंदिलाच्या काचेला काळा कागद, खिडक्यांना गोणपाट. रापणीचं जाळं ओढणारी माणसं किनाऱ्यावर विडी पेटवतानाही ओंजळ धरत. आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला, हे गुरुजींनी परिपाठाला सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. कारण आमच्या शेजारचा दादा नौदलात होता. वाडीत त्याला सगळेच दादा म्हणत, मीही तेच लिहितो.

दादा याच शाळेचा. त्या वर्षी गणपतीला रजेवर आला होता. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी गुरुजींनी त्याला वर्गात बोलावलं. येताना तो सुंभाचा तुकडा घेऊन आला आणि आमच्याकडून गाठी मारून घेतल्या. मग फळ्यावर जहाज काढलं, त्याच्याखाली पाणबुडी काढली आणि विचारलं, "दिसत नाही ती शोधायची कशी?" कोणालाच सांगता येईना. मग त्याने 'सोनार' हे यंत्र समजावलं: पाण्यात आवाज सोडायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. पण वरचं पाणी गरम आणि खालचं गार असलं की आवाज वाकतो, आणि पाणबुडी त्या आडोशाला लपते. हे सांगताना तो हसत नव्हता. त्या वयात मला ते जाणवलं नाही, आज त्याचा तो चेहरा नीट आठवतो.

९ डिसेंबरच्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दादाच्या 'खुकरी' या युद्धनौकेवर टॉर्पेडो डागला. पाणबुड्यांच्या शोधातच निघालेली ती फ्रिगेट काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. १६ तारखेला युद्ध जिंकलं, शाळेत साखर वाटली. दादाच्या आईनेही आम्हा पोरांच्या हातावर गूळखोबरं ठेवलं. तार त्यानंतर आली. त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. तो त्या माऊलीने घट्ट धरून ठेवला. "माझो झील दर्याचो. खयतरी किनाऱ्याक लागलो असतलो, येतलो," असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे. नारळी पौर्णिमेला सगळे दर्याला एक नारळ देत, ती दोन देई.

२००३ साली मी दीवला जाऊन आलो. समुद्राकाठच्या टेकडीवर स्मारक आहे, काचेच्या पेटीत 'खुकरी'ची प्रतिकृती आहे. आमच्या माडाचा एक नारळ मी तिथल्या पाण्यात सोडला. परत आल्यावर काकीला, म्हणजे दादाच्या आईला, सांगितलं. तोवर ती फार थकली होती. बराच वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "पाणी खोल असा थंय?" मी हो म्हटलं. त्यानंतरच्या पौर्णिमेला तिने एकच नारळ दिला.

शाळेच्या फलकावर पहिल्या आलेल्यांची नावं आहेत. दादा कधी पहिला आला नाही, म्हणून तिथे तो नाही. मात्र शाळेच्या या महोत्सवाच्या तयारीत जुनं जनरल रजिस्टर चाळताना तो सापडला. 'शाळा सोडल्याचे कारण: नौदलात भरती.' गुरुजींचंच वळणदार अक्षर. पुढचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे. मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या रकान्यात शाईने एवढंच लिहावं: 'भारतीय नौसेना पोत खुकरी, ९ डिसेंबर १९७१.'